कॅबिनेटच्या पंख्यांची घरघर: रेग्युलेटर कुठे असतो आणि किती फिरवायचा

इंदूरमध्ये पीसीच्या आवाजाची तक्रार मे महिन्यात फारशी कुणी करत नाही. सीलिंग फॅन पाचवर असतो, खिडकीत कूलर घोंगावत असतो, त्यात टेबलाखालचा डबा काय म्हणतोय ते कुणाला ऐकू येणार! तक्रारी सुरू होतात दिवाळीनंतर. कूलर धुऊन-पुसून जिन्याखाली गेलेला असतो, पंखे बंद झालेले असतात, माळव्याची थंडी पडायला लागलेली असते, आणि रात्री अकरा वाजता कॅबिनेट अशी घरघर लावतं की पलीकडच्या खोलीतून हाक येते, "अरे, बंद कर रे ते आता!"

म्हणजे आवाज टोचतो तो नेमका त्या महिन्यांत, जेव्हा पंख्यांना जोरात फिरायचं काही कारणच नसतं. आणि जोरात फिरावं लागतं तेव्हा खोलीत आधीच इतका गोंगाट असतो की कुणाला फरक पडत नाही. पंखे तापमान बघून फिरले असते तर निम्मा प्रश्न आपोआप सुटला असता. ते तसे फिरत नाहीत, कारण पीसी जोडून देणाऱ्याने विंडोज टाकलं, दिवे लागले का पाहिलं आणि डबा हातात दिला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा, पंख्यांचा रेग्युलेटर तिथेच असतो) शिरून पंखे लावून द्यायला त्याला वेळ नसतो. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "भिया, बारा सौ आरपीएम का पंखा है, इतना तो बोलेगा." (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे.)

दुसरी गोष्ट कानाची. एकाच पट्टीतली बारीक घरघर पाच मिनिटांत विसरायला होते. ब्राउझर उघडला की पंखा उसळतो, दोन सेकंदांत बसतो, पुन्हा उसळतो, हे मात्र डोकं उठवतं. म्हणून इथे पंखे कमीत कमी फेऱ्यांवर आणण्याची शर्यत लावायची नाहीये. ते एकसारखे फिरावेत आणि चढले तर हळू चढावेत, एवढंच साधायचं आहे.

आवाज कुणाचा, ते आधी ठरवा

डब्यात पंखे बरेच असतात: प्रोसेसरवरचा, ग्राफिक कार्डावरचे दोन-तीन, एसएमपीएसमधला (पीसीला वीज पुरवणारा डबा), आणि कॅबिनेटचे पुढचे-मागचे. जुनी हार्ड डिस्क असेल तर तीही गुणगुणते. बाजूचं झाकण काढा, वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका पंख्याच्या दिशेने धरा, पात्यांपासून चार बोटं लांब. गुन्हेगार सहसा लगेच सापडतो. तरी खात्री नसेल तर पीसी बंद करा, कॅबिनेटच्या एका पंख्याची वायर काढा, पुन्हा चालू करून ऐका. प्रोसेसरच्या पंख्याची वायर मात्र काढायची नाही. आणि चालत्या पंख्यात बोट किंवा पेन घालून तो थांबवायचा प्रकार पुष्कळ जण करतात, तो करू नका. पातं तुटतं किंवा बेअरिंग बिघडतं.

आवाजाची जातही ओळखा, कारण प्रत्येकावर औषध वेगळं. 'शूऽऽ' असा वाऱ्याचा आवाज असेल तर तो वेगाचा आहे आणि या लेखातल्या उपायांनी उतरेल. खरखर किंवा किरकिर येत असेल, विशेषतः थंडीत सकाळी पीसी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं, तर बेअरिंग गेलंय. स्वस्त पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असतं, त्यातलं तेल आटतं. कुणी स्टिकर उचकटून शिलाई मशीनचं तेल सोडतात. त्याने काही आठवडे निघतात, पण शेवटी पंखा बदलावाच लागतो. टकटक असेल तर नव्वद टक्के वेळा एखादी वायर पात्याला घासत असते, ती प्लास्टिकच्या टायने मागे बांधा. ग्राफिक कार्डातून गेम चालू असतानाच बारीक 'चींऽऽ' येत असेल तर तो पंखाच नाही, कार्डावरच्या कॉइलचा आवाज आहे. गेममध्ये फ्रेमची मर्यादा घातली की तो कमी होतो. एसएमपीएसमधून आवाज येत असेल तर तो डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार उरतो. बाहेरून धूळ काढा, नाही जमलं तर एसएमपीएस बदला.

उरतो तो 'हूंऽऽ' असा एका सुरातला गुंजारव. याची गंमत सांगतो. रामबागेतले एक काका गाण्याच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. त्यांची तक्रार होती की पीसी चालू असला की तानपुरा लागत नाही.

"काका, तुमचा सा कुठला?"

"काळी एक. आणि तुझा हा डबा त्याच्या एवढासा वर बसतो बघ, कान किटतात."

काकांचा कान अगदी बरोबर होता. मागचा पंखा सात पात्यांचा होता आणि मिनिटाला 1200 फेरे घेत होता. म्हणजे सेकंदाला 20 फेरे, सात पाती, एकूण 140 वेळा हवेला थाप. काळी एकचा खालचा सा साधारण 138.6 हर्ट्झचा. दोघांत दीडेक हर्ट्झचा फरक, म्हणजे दर सेकंदाला एक-दीड हेलकावा, आणि तोच तानपुऱ्यावर चढून बसत होता. पंखा 800 वर आणला तेव्हा तो सूर 93 हर्ट्झपर्यंत खाली गेला आणि इतका मंद झाला की माइकला पकडता येईना. तुमच्या घरी तानपुरा नसेल, पण कॅबिनेटचा पत्रा असतोच, आणि त्याचाही स्वतःचा एक सूर असतो. पंख्याचा सूर त्याच्याशी जुळला की सगळा डबा गायला लागतो. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहा. आवाज थांबला तर पत्रा गातोय. अशा वेळी वेग शे-दीडशे फेऱ्यांनी कमी किंवा जास्त केला तरी काम होतं, आणि पंखा बसवताना स्क्रूऐवजी रबराचे खिळे वापरले तर आणखी चांगलं.

झाडझूड

आपलं शहर 2017 पासून स्वच्छतेत देशात वर आहे, पण बांधकामांची धूळ त्या सर्वेक्षणात नसावी. पुढच्या जाळीवर धूळ साचली की आत हवा कमी येते, तापमान चढतं आणि पंखे भरपाई करायला जोरात फिरतात. त्यामुळे सेटिंगला हात लावण्यापूर्वी साफसफाई, नाहीतर घाणेरड्या डब्यासाठी बेतलेला हिशेब साफ डब्यात चुकतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, डबा गॅलरीत न्या. हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर चालेल, पण फुंकताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंगला धक्का बसतो, शिवाय मोटर उलटी वीज तयार करून मदरबोर्डाकडे, म्हणजे सगळं ज्यावर जोडलेलं असतं त्या मुख्य पाटीकडे, पाठवू शकते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे डबा नेऊ नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. जाळी नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नका. ओलसर हवेने धूळ चिकटते आणि पात्यांवर तिचा थर बसतो.

याच वेळी पंख्यांची दिशाही पाहून घ्या. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, हा साधा नियम. उलटे बसवलेले पंखे मी बरेचदा पाहिलेत. शंका असेल तर उदबत्ती पेटवून जाळीपाशी धरा, धूर कुठे ओढला जातो ते दिसतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असेल तर ती जाळीतून गाळून येते आणि फटींमधून धूळ शिरत नाही.

पिना मोजा

आता खरा प्रश्न: तुमचा पंखा ऐकणारा आहे का?

चार पिनांचा पंखा सगळ्यात समजूतदार. पहिली पिन ग्राउंड, दुसरीवर 12 व्होल्ट, तिसरीवरून पंखा आपला वेग बोर्डाला कळवतो (एका फेऱ्याला दोन ठोके), आणि चौथीवरून बोर्ड त्याला हुकूम देतो. हा हुकूम सेकंदाला साधारण 25 हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या इशाऱ्याचा असतो, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. पंख्याला पूर्ण 12 व्होल्ट कायम मिळत राहतात, त्यामुळे तो खालच्या वेगालाही अडखळत नाही.

तीन पिनांच्या पंख्याला चौथी पिन नाही. त्याचा वेग उतरवायचा तर व्होल्टेजच कमी करावं लागतं, आणि हे काम बोर्डाच्या हेडरने (पंख्याची वायर जिथे खोचतात त्या पिनांच्या जागेने) करायचं असतं. बायोसमध्ये याला डीसी मोड म्हणतात. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या हेडरवर खुशाल बसतो, पण हेडर पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर त्याला कायम 12 व्होल्ट जातात आणि तो कायम पूर्ण वेगात पळतो. माझ्या पाहण्यात 'पंखा ऐकतच नाही' या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण एवढंच आहे. उपाय दोन बटणांचा.

मग येतात स्वस्त कॅबिनेटमध्ये आधीच बसवून आलेले रंगीत पंखे. त्यांना बहुतेकदा मोठा चौकोनी मोलेक्स प्लग असतो आणि तो थेट एसएमपीएसला जातो. बोर्डाशी त्यांचा संबंधच नाही. बायोसमध्ये रात्रभर बसलात तरी ते एक फेरा कमी फिरणार नाहीत. काहींना सहा पिनांचा वेगळाच प्लग असतो आणि तो कॅबिनेटबरोबर आलेल्या हबमध्येच बसतो. वेग बदलता येतो का, हे त्या हबवर आणि त्याच्या रिमोटवर अवलंबून. यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

एक इशारा: दिव्यांची वायर आणि पंख्याची वायर वेगळी असते. अ‍ॅड्रेसेबल दिव्यांना 5 व्होल्ट लागतात, साध्या रंगीत दिव्यांना 12. पाचवाला प्लग बारावर लावलात तर दिवे जागच्या जागी जळतात. जोर लावून कुठलाही प्लग बसवू नका.

बायोसमध्ये

पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ-2 दाबत राहा. आसूसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर, असरॉकमध्ये फॅन-टॅस्टिक ट्युनिंग अशी नावं दिसतील. आसूस आणि गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर एफ-6 दाबलं की थेट तिथे पोचता येतं. चित्र वेगळं, मजकूर तोच: एक आलेख, आडव्या रेघेवर तापमान, उभ्या रेघेवर पंख्याचा टक्का.

पहिलं काम मोडचं. प्रत्येक हेडरवर जा. चार पिनांचा पंखा असेल तर पीडब्ल्यूएम, तीन पिनांचा असेल तर डीसी. 'ऑटो' असेल तर बोर्ड स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो आणि कधीकधी चुकतो, म्हणून हाताने ठरवलेलं बरं.

दुसरं काम प्रत्येक पंख्याची खालची पातळी शोधण्याचं. आलेख मॅन्युअल करा, सगळे बिंदू 50 टक्क्यांवर आडवे टाका, आकडे पाहा. मग 40, 30, 25 असं खाली या. पीडब्ल्यूएम पंखे सहसा 20 ते 30 टक्क्यांपर्यंत नीट फिरतात. तीन पिनांचे पंखे कमी व्होल्टेजवर फिरत राहतात, पण थांबलेले असतील तर तेवढ्यावर सुरू होत नाहीत. सुरू व्हायला त्यांना जास्त जोर लागतो. म्हणून त्यांची पातळी ठरवल्यावर पीसी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि पंखा खरंच उठतो का पाहा. जिथे उठतो, त्याच्या पाच-दहा टक्के वर किमान ठेवा. उतरताना कान उघडे ठेवा: मध्येच एखाद्या आकड्यावर डबा गुणगुणला तर तो आकडा लिहून ठेवा, तो टाळायचा आहे.

तिसरं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं: पंखा कुणाचं तापमान पाहून फिरणार? बहुतेक बोर्डांवर कॅबिनेटचे पंखे मुळात प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात, आणि उसळण्याचा रोग इथूनच येतो. आजचा प्रोसेसर एखादा टॅब उघडताना एका सेकंदात 45 वरून 65 अंशांवर जातो आणि लगेच परत येतो. एवढ्याने डब्यातली हवा काही तापत नाही, पण पंख्याला ते कोण सांगणार? तो बिचारा धावत सुटतो. मागच्या पंख्याचं काम प्रोसेसरचा क्षणिक ताप उतरवायचं नाहीच, ते हीटसिंक (प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा) आणि त्याच्यावरचा पंखा पाहून घेतो. कॅबिनेटच्या पंख्याने डब्यातली हवा बदलायची, आणि हवा मिनिटांच्या हिशेबाने तापते. म्हणून सोर्स या जागी 'मदरबोर्ड' किंवा 'सिस्टिम' निवडा. बोर्डावरचा तो सेन्सर संथ आहे, आणि इथे तोच गुण कामाला येतो.

त्या सेन्सरसाठी माझी सुरुवात अशी असते: 40 अंशांपर्यंत आडवी सपाट रेघ, 35 टक्के. 50 अंशांना 50 टक्के. 60 ला 75. 65 च्या वर पूर्ण. हे आकडे गीता नाहीत, तुमच्या बोर्डावर सेन्सर कुठे बसवलाय त्यावर दहा-एक अंश इकडेतिकडे होतात. बायोसमध्ये प्रोसेसरशिवाय दुसरा सोर्सच नसेल तर सपाट रेघ लांब ओढा: 65 अंशांपर्यंत 35 टक्के, 75 ला 60, 85 ला 100. रोजचं काम त्या सपाट रेघेवरच होऊन जातं आणि पंखा जागचा हलत नाही.

सपाट रेघेनंतर चौथं काम, उशीर. बोर्डाप्रमाणे स्टेप अप, स्टेप डाउन, हिस्टेरेसिस किंवा टेम्परेचर इंटरव्हल अशा नावांनी हे येतं. तापमान वाढल्यावर पंखा किती थांबून चढणार आणि उतरल्यावर किती थांबून उतरणार, ते यात ठरतं: पहिल्या दोन्हींत सेकंदांनी, हिस्टेरेसिस आणि इंटरव्हलमध्ये सहसा अंशांनी. चढायला थोडा वेळ द्या, उतरायला त्याहून जास्त. प्रोसेसरच्या पंख्याला मात्र फार उशीर लावू नका, तिथे दोन-तीन सेकंद पुरे.

वॉटर कूलरचा पंप लावलेला हेडर या सगळ्यातून वगळा. पंप पंख्यासारखा वर-खाली करायचा नसतो. तो पूर्ण किंवा कंपनीने सांगितलेल्या एका वेगावर ठेवा.

थोडं गणित, कारण ते फायद्याचं आहे

पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून फार भराभर चढतो. ढोबळ नियम असा की वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबल उतरले की कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. नुसता वीस टक्के वेग कमी केला तरी पाचेक डेसिबल सुटतात. उलट, तसाच आणखी एक पंखा शेजारी लावला तर भर पडते फक्त 3 डेसिबलची. हिशेब लावा: 1400 वर किंचाळणारा एक पंखा काढून 700 वर फिरणारे दोन लावले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज सुमारे 12 डेसिबलने कमी. 'पंखे वाढवले तर आवाज वाढेल' म्हणणाऱ्याला हे सांगा. जागा असेल तर 120 ऐवजी 140 मिलिमीटरचा पंखा घ्या, तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत ढकलतो.

विंडोजमधून

बायोसची एक मोठी अडचण आहे: त्याला सहसा ग्राफिक कार्डाचं तापमान दिसत नाही. गेम खेळणाऱ्याच्या किंवा व्हिडिओ एडिट करणाऱ्याच्या डब्यात सर्वांत जास्त उष्णता तर तेच कार्ड ओततं. कार्ड 80 अंशांवर होरपळत असताना पुढचे पंखे डुलक्या काढतात, मग कार्डाचे स्वतःचे छोटे पंखे किंचाळतात, आणि आपण शिव्या घालतो कॅबिनेटला.

यासाठी 'फॅन कंट्रोल' नावाचा मोफत प्रोग्राम चांगला आहे. पहिल्यांदा उघडल्यावर तो प्रत्येक पंखा वर-खाली करून कोण कुठे जोडलाय ते शोधतो. दोन आलेख बनवा, एक प्रोसेसरसाठी, एक ग्राफिक कार्डासाठी. मग 'मिक्स' प्रकारचा तिसरा बनवा आणि त्यात 'मॅक्स' निवडा, म्हणजे दोघांपैकी जो जास्त मागेल त्याचं ऐकायचं. पुढचे-मागचे पंखे या तिसऱ्याला बांधा. कार्डाच्या आलेखात 50 अंशांपर्यंत सपाट, 75 ला सत्तरेक टक्के अशी सुरुवात ठेवा. प्रोसेसरच्या आलेखात हिस्टेरेसिस पाचेक अंशांचा आणि प्रतिसादाचा वेळ काही सेकंदांचा द्या.

असे प्रोग्राम वर्षानुवर्षं विनरिंग-झिरो नावाचा एक जुना ड्रायव्हर वापरत आले. त्यात सुरक्षेची भोकं आहेत आणि 2025 मध्ये विंडोज डिफेंडर त्याला अडवायला लागला. कुणी 'डिफेंडर बंद करून चालव' म्हणालं तर ऐकू नका, नवी आवृत्ती घ्या. जुना स्पीडफॅन आता विसरा, नव्या बोर्डांशी त्याचं जमत नाही. आणि बायोसमधला आलेख आधी नीट लावलेला असू द्याच. प्रोग्राम बंद पडला तर पंख्यांना मागे कुणीतरी सांभाळणारं हवं.

लिनक्सवाल्यांसाठी एलएम-सेन्सर्स, त्यातली सेन्सर शोधणारी आज्ञा, मग पीडब्ल्यूएम-कॉन्फिग आणि फॅनकंट्रोल ही जुनी वाट अजून चालते. तिथे टक्क्यांऐवजी 0 ते 255 असा आकडा असतो, 255 म्हणजे पूर्ण वेग.

मोलेक्सवाल्या पंख्यांचं काय

तीन वाटा आहेत. सर्वांत सरळ म्हणजे ते काढून चार पिनांचे पंखे लावणे. सगळे एकदम बदलायची गरज नाही. मागचा एक आणि पुढचा एक बदला, बाकीचे सरळ काढून ठेवा. दोन शहाणे पंखे पाच बेलगाम पंख्यांपेक्षा बरे. दिव्यांची हौस असेल तर दिवेवाले चार पिनांचे पंखेही मिळतात.

दुसरी वाट रेझिस्टरच्या छोट्या वायरची, तीन पिनांच्या पंख्यांसाठी. घरात पूर्वी सीलिंग फॅनचा डबडा रेग्युलेटर असायचा, तापायचा आणि वेग उतरवायचा. ही वायर म्हणजे तोच. तापमान कितीही होवो, वेग तोच राहतो. जुन्या बोर्डावर नियंत्रण नसेल तर कामचलाऊ.

तिसरी वाट मोलेक्सच्या पिना अदलाबदल करून 12 आणि 5 च्या मधले 7 व्होल्ट काढण्याची. हा जुगाड इंटरनेटवर पुष्कळ फिरतो. चूक झाली तर 12 व्होल्ट थेट 5 च्या तारेत जातात आणि हार्ड डिस्कसकट सगळं जाऊ शकतं. माझ्या मते एका पंख्याच्या किमतीसाठी हा खेळ करू नये.

बोर्डावर हेडर कमी आणि पंखे जास्त असतील तर सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला स्प्लिटर मिळतो. घेण्यापूर्वी पंख्याच्या मागच्या स्टिकरवरचे अ‍ॅम्पिअर वाचा. हेडरची मर्यादा साधारण 1 अ‍ॅम्पिअरची असते. 0.2 चे तीन पंखे एका हेडरवर आरामात चालतात, 0.5 चे तीन नाही. जास्त असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरवरून वीज घेणारा हब घ्या, तो बोर्डाकडून फक्त हुकूम घेतो. मोड एकच असल्याने तीन आणि चार पिनांचे पंखे एका स्प्लिटरवर मिसळू नका.

कंपन्यांचे तयार पीसी, विशेषतः ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड, यांत कधीकधी पंख्याचा प्लगच निराळा असतो आणि बायोसमध्ये आलेख मिळत नाही. पंखा काढला तर चालू होताना चूक दाखवून थांबतात. तिथे साफसफाई, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट, आणि गेलेला पंखा त्याच जातीचा आणून बदलणं, एवढंच हाती असतं.

परीक्षा

सगळं लावून झालं की तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि प्रोसेसरला पूर्ण राबवणारा सिनेबेंच दहा-पंधरा मिनिटं सलग चालू द्या, मग तुमचा सर्वांत जड गेम अर्धा तास. आकडे स्थिर होईपर्यंत पाहा. इंटेलचे बरेच प्रोसेसर 100 अंशांना स्वतःचा वेग कापतात, रायझनचे पिढीप्रमाणे 90 ते 95 ला. थंडीत सतत 85 च्या खाली राहिलं तर समाधान मानू नका, आधी खोलीचं तापमान बघा. खोली 20 अंशांवरून 40 वर गेली की पंख्यांचा वेग तोच असेल तर आतलं जवळपास सगळंच 20 अंशांनी वर सरकतं. जानेवारीत 70 दाखवणारा प्रोसेसर मेच्या दुपारी 90 दाखवेल. म्हणून आलेखाचा वरचा भाग, 70 च्या पुढचा, कधीही कंजूषपणे लावायचा नाही. तिथे पंखा खुशाल ओरडू द्या, तेव्हा कूलर चालूच असतो. काटकसर करायची ती फक्त खालच्या सपाट रेघेत. शक्य असेल तर एप्रिलच्या शेवटी दुपारी तीनला हीच परीक्षा पुन्हा घ्या आणि लागले तर वरचे बिंदू पाचेक अंश अलीकडे ओढा.

आवाज मोजायला फोनमधलं डेसिबल मीटर चालेल. त्याचा आकडा खरा मानू नका, पण आधीचा आणि नंतरचा फरक त्यातून बरा कळतो, फोन दोन्ही वेळा एकाच जागी ठेवला तर.

शेवटी बायोसमधल्या प्रत्येक आलेखाचा फोनने फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा गोल सेल संपला की सगळे आकडे पुसले जातात, आणि पंखे पुन्हा प्रोसेसरच्या मागे धावायला लागतात.